सतरा नंबरचं कडं

११ सप्टेंबर, गुरुवार

काल प्रयोगाच्या वहीत मी लिहिलं होतं, "सतरा नंबर : झकास!" आज उघडून बघते तर त्याखाली फुचिगामीसाननी पेन्सिलीने, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं : "झकास म्हणजे किती?"

म्हणून दुपारी जेवणाच्या सुट्टीत जाऊन ही दुसरी वही आणली. हिच्यात झकास म्हणजे झकास. इथे कुणी पेन्सिल घेऊन यायचं नाही.

सतरा नंबर हे माझं नोरीचं, म्हणजे समुद्रात जाळ्यांवर पिकवायच्या खाण्याच्या शेवाळाचं, वाण. तीन वर्षं त्याच्यामागे हात धुऊन लागले आहे. नोरीला लाल कूज लागली की आठवड्यात जाळ्यावरचं सगळं पीक गळून समुद्रात जातं, आणि या खाडीवर असं एक घर नाही ज्याने ते पाहिलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात मी टाक्यांमध्ये मुद्दाम कूज सोडली. बाकीच्या वाणांची पानं गेली. सतराची टाकी जशीच्या तशी राहिली. का राहिली, ते काल सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. सतराच्या प्रत्येक बीजाणूभोवती एक पांढरंशुभ्र, झगझगीत कडं आहे. कवचच म्हणा ना! कूज आत शिरणार कुठून?

फुचिगामीसान आमचे तंत्रज्ञ. एक्केचाळीस वर्षं याच संशोधन केंद्रात, येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार. शब्द असे वापरतात की जणू रेशनवर मिळतात. मी धावत जाऊन कड्याचं सांगितलं.

"तीन नंबरच्या यंत्रावर पाहिलंत?"

"हो."

"दिवा कुणी लावला?"

"मीच की!"

"हं."

हा 'हं' मला मुळीच आवडला नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ओत्सुबोसान शिंपल्याचा तुकडा घेऊन आले. नोरीचं बी उन्हाळाभर शिंपल्यांत वाढतं, ते पिकलं की नाही हे सूक्ष्मदर्शकातच कळतं, म्हणून शेतकरी अधूनमधून तुकडा आणून दाखवतात. अधूनमधून म्हणजे महिन्यातून एकदा. ओत्सुबोसान दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. फार काळजीवाहू माणूस.

काळजी असणारच म्हणा. वय एक्केचाळीस, घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. दोनशे चाळीस जाळी. गेल्या वर्षी लाल कुजेने एकही सोडलं नाही. "यंदाही गेलं तर जाळी, नाव, सगळं विकणार, सेन्सेई," ते म्हणाले. (इथे शिकलेल्या माणसाला सगळे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, म्हणतात.) "शहरात गोदामात खोकी उचलायची. मावसभावाने जागा धरून ठेवली आहे." हे हसत हसत सांगत होते, पण हातातली टोपी पिळून पिळून तिचा बोळा केला होता.

मला राहवलं नाही. त्यांना बसवून कडं दाखवलं. कूज, कवच, टाकी, सगळं समजावलं. मी भडाभडा बोलत होते, हातवारेसुद्धा केले असतील.

"फार सुंदर," ते म्हणाले.

त्यांचा डोळा तेव्हा भिंगावर नव्हता, माझ्याकडे बघत होते. पण एका नजरेत त्यांनी कडं पाहून घेतलं असणार. शेतकऱ्यांची नजर तयार असते.

जाताना म्हणाले, "तुम्ही सांगता तर मी सगळी जाळी सतरावर लावतो."

सगळी! दोनशे चाळीस! आजचा दिवस झकास. किती, ते विचारू नये.

२२ सप्टेंबर, सोमवार

माझ्या यंत्राला कुणीतरी हात लावतं.

सकाळी येऊन बघते तर कडी गायब. सगळं पांढरं फटफटीत. काच बदलून पाहिली, तेच. मग लक्षात आलं : काचेखाली जी प्रकाशाची झडप असते, तिची छोटी दांडी कुणीतरी सरकवून झडप सताड उघडी टाकली होती. मी ती नेहमी अगदी बारीक ठेवते, कारण त्याने प्रत्येक बीजाणू काळ्या शाईने आखल्यासारखा उठून दिसतो. उघडी ठेवली की सगळा पसारा. दांडी पुन्हा जागेवर आणली, कडी पुन्हा दिसली. जीव भांड्यात पडला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बुधवारी तेच. काल तेच. आज तेच! अंगाचा नुसता तिळपापड झाला. दांडीवर कागदी पट्टी चिकटवली आणि जाड पेनाने लिहिलं : "हात लावू नये. — एगाशिरा."

ओत्सुबोसान आले होते. पट्टी वाचून दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभे राहिले. म्हटलं, "तुमच्यासाठी नाही हो ती!" तर कानापर्यंत लाल झाले. फार भित्रा माणूस.

२९ सप्टेंबर, सोमवार

पट्टी जागेवर आहे. सरळ आहे. एक सुरकुती नाही. पण झडप सताड उघडी.

म्हणजे कुणीतरी पट्टी काढतं, दांडी सरकवतं आणि पट्टी परत नीट चिकटवून जातं. चोर सभ्य आहे हे मान्य. पण चोरच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

संचालकांनी सतराला परवानगी दिली! सतरा तारखेला सहकारी संस्थेच्या सभागृहात सगळ्या शेतकऱ्यांसमोर मी बोलायचं. पेरणी पंचवीसला, सगळ्या खाडीची एकाच दिवशी. सतराच्या दिवशी सतरावर भाषण! संचालक हे तीनदा म्हणाले आणि तिन्ही वेळा स्वतःच हसले.

फुचिगामीसान बाहेर हात धूत होते. म्हणाले, "जुन्या वाणाभोवती कडं पाहिलंत का?"

"जुनी वाणं तुमच्याकडे, सतरा माझ्याकडे. वाटणी तुम्हीच केलीत. तुमच्या नोंदींत तर कड्याचा शब्द नाही कुठे!"

"माझ्या यंत्रात नाही," ते म्हणाले.

"मग झालं तर! जुन्याला नाही, सतराला आहे. हेच तर मी सांगते आहे."

ते टॉवेलने एकेक बोट पुसत राहिले.  मला वाईट वाटलं त्यांचं. एक्केचाळीस वर्षं घासून एकही शोध नावावर नाही आणि कालची पोरगी येऊन कवच शोधते. जळणारच माणूस. मी मोठ्या मनाने माफ केलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ओत्सुबोसाननी सतराचे शिंपले नेले. नावेत मावत नव्हते, दोन खेपा केल्या. जाताना टोपलीभर पर्सिमॉनची फळं ठेवून गेले. एकेक पुसून आणलेलं.

"आई म्हणते, सेन्सेईंना रविवारी घरी घेऊन ये. तिला कडं बघायचंय."

"आजींना? त्यांना दिसेल का?"

"आईला?" ते हसले. "आईला नको तेही दिसतं."

काचा डबीत घालून नेईन. यंत्र उचलून न्यावं लागणार बहुतेक. जड आहे मेलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कुठून सुरुवात करू?

यंत्र न्यावं लागलं नाही. ओत्सुबोंच्या घरी, नोरी वाळवायच्या खोलीत, चहाच्या किटलीशेजारी, स्वच्छ कापडाखाली सूक्ष्मदर्शक. आमच्यापेक्षा चांगला! दोन डोळ्यांचा. भिंगावर धुळीचा कण नाही. इथल्या निम्म्या घरांत असतो म्हणे, जाळ्याचे धागे तपासायला. मग दर मंगळवारी-शुक्रवारी हा माणूस माझ्याकडे कशाला येतो? विचारायचं राहूनच गेलं, कारण पुढे भलतंच झालं.

ताने आजी, ओत्सुबोसानची आई, एकोणऐंशी वर्षांच्या. कमरेत वाकलेल्या, पण तोंडाने ताठ. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाल्या, "बरी आहेस. खात जा जरा." मग माझी काच घेतली, यंत्राखाली सरकवली, चष्मा कपाळावर चढवला.

"कुठाय गं तुझं कडं?"

मी पाहिलं. सतरा नंबर. बीजाणू गोल, गुलाबी, छान. कडं नाही.

"आजी, तुमची झडप फार उघडी आहे. अशी बारीक करायची." मी दांडी ओढली. कडी हजर! प्रत्येकाला, झगझगीत.

आजींनी पाहिलं. "अगं बाई!" म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, चिमूटभर गव्हाचं पीठ आणलं, काचेवर थेंबभर पाण्यात कालवलं आणि यंत्राखाली ठेवलं.

"बघ आता."

पिठाच्या प्रत्येक कणाभोवती पांढरंशुभ्र, झगझगीत कडं होतं.

"चला," आजी म्हणाल्या, "माझ्या पिठालाही आता लाल कूज लागायची नाही!"

आणि हसल्या. हसता हसता खोकल्या, खोकता खोकता परत हसल्या. ओत्सुबोसान म्हणत होते, "आई, पुरे! आई!" मी दांडी उघडली, कडी गेली. बंद केली, आली. उघडली, गेली. कितीतरी वेळ मी तेवढंच करत बसले होते. कडं नोरीला नव्हतंच. ते माझ्या बारीक केलेल्या उजेडाचं होतं.

मग आजींनी चहा ओतला आणि हसू आवरून सांगितलं. "फुचिगामीलाही असंच कडं दिसलं होतं. चांगला तरणाताठा होता तेव्हा. माझ्या नवऱ्याने त्याच्या शब्दावर सगळी जाळी लावली. फेब्रुवारीत आमच्या दोऱ्यांवर एक पान नव्हतं."

"मग? काय म्हणाले तुमचे यजमान त्यांना?"

"काही नाही. त्याने काय मुद्दाम केलं? पण तो पोरगा पुढची दोन वर्षं दर रविवारी यायचा, आमची जाळी ओढायला. ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. हात बघितलेस त्याचे? ते काचा धुऊन तसे नाही झाले."

शेडमध्ये सतराच्या शिंपल्यांच्या पिशव्या ओळीने टांगलेल्या होत्या. सगळ्या पिशव्या माझ्या शब्दावर आणलेल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज सुट्टी. सकाळी सहाला प्रयोगशाळेत. झडप बारीक केली आणि हाताला लागेल ते पाहिलं. जुनं वाण : कडं आहे. खिडकीची धूळ : कडं आहे. खडूची भुकटी : आहे. माझ्या केसातला कोंडा : भरघोस आहे. माझा कोंडासुद्धा कूजप्रतिबंधक निघाला.

सातला दार उघडलं. फुचिगामीसान. सुट्टीच्या दिवशी! मला बघून दारातच थबकले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तोही सताड.

"तुम्हीच सरकवत होता दांडी! रोज!"

"हं."

"तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

ते स्टूल ओढून बसले. आणि बोलले! एका दमात एवढे शब्द मी त्यांच्याकडून कधी ऐकले नव्हते. "मला तोंडाने सांगितलं होतं. माझ्या वरिष्ठांनी, दोनदा. मला वाटलं, म्हातारा जळतो."

मी मान खाली घातली. या वहीत तीन तारखेला काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत नाही. माहीत असेलही.

"आणि मी पेरणीपर्यंत नसतं ओळखलं तर?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला. सभेत करायचं भाषण. "मीही असंच कडं पाहिलं होतं" इथून सुरू होणारं, ओत्सुबोंच्या जाळ्यांचा आकडा लिहिलेलं. कागदाच्या घड्या पार मऊ पडल्या होत्या. एक्केचाळीस वर्षांत या माणसाने कधी भाषण केलेलं नाही.

त्यांनी तो कागद परत खिशात ठेवला. "बरं झालं," म्हणाले. "माझा आवाज सभेत फुटत नाही."

१५ ऑक्टोबर, बुधवार

खरं तेच लिहायचं तर : दोन दिवस मनात एकच घोळतं आहे. कड्याचं नावच घ्यायचं नाही. टाकीत सतरा टिकलं हे तर खोटं नाही! भाषणात टाकी सांगायची, कड्याचं चित्र गाळायचं, कुणाला कळणार आहे? आजी काही सभेत उठून पीठ कालवणार नाहीत.

पण टाकी एक. एकच. आता वही काढून बघते तर ती खिडकीजवळची, सगळ्यात गार पाण्याची. कूज गार पाण्यात मुळातच सुस्त असते. हे मला तेव्हाही माहीत होतं. कड्याच्या नादात मी त्याकडे पाहिलंच नाही.

ओत्सुबोसान काल मंगळवार असून आले नाहीत. मला फार चुकल्यासारखं झालं. शिंपल्याची काळजी, दुसरं काय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सभागृह गच्च. संचालक पुढच्या रांगेत, हसू तयार ठेवून. मी टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला, शेजारी पिठाची डबी. 

म्हटलं, "मी तुम्हाला सतरा नंबरचं कवच दाखवणार होते. आधी गव्हाच्या पिठाचं कवच बघा." आणि पडद्यावर दाखवलं. दांडी बंद, कडं आलं. दांडी उघडी, कडं गेलं. मग सतरा : आलं, गेलं. मग माझा कोंडा. शेवटी म्हटलं, "महिनाभर मी उजेडाला कवच समजत होते. टाकीचा पुरावा एकाच टाकीचा आहे, तीही गार पाण्याची. माझ्या शब्दावर कुणीही सतरा लावू नये. चूक माझी आहे. क्षमा असावी." आणि कमरेत वाकले ते वर यायचं धाडसच होईना.

 मग मागून एक म्हातारा ओरडला, "सेन्सेई, माझ्या टकलाचं काय? त्याच्याभोवती पण तेज आहे का बघा!" आणि सभागृह फुटलं. लोक डोळे पुसत होते. संचालकांचा चेहरा मात्र बीटासारखा झाला होता, ते काही हसले नाहीत.

मग ओत्सुबोसान उभे राहिले. सगळे शांत झाले, कारण त्यांच्या नावेचं सगळ्यांना माहीत होतं.

"मग मी काय लावू?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

"जुनं लावा," मी म्हटलं. "सतराला फक्त दोन जाळी द्या, कडेची, वेगळी. जुन्याला कूज लागणार नाही असं नाही. पण ती आलेली जुन्यावर वेळेत दिसते, जाळी पाण्यावर उचलून वाळवता येतात. सतराचं मला काहीच माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि खाली बसले. एवढंच.

बाहेर पडताना फुचिगामीसान माझ्याजवळ आले. त्यांच्या बोटाला माझी ती पट्टी चिकटलेली होती, 'हात लावू नये'. "ही लागेल का आता?"

"टाका ती," मी म्हटलं. त्यांनी ती नीट घडी करून खिशात ठेवली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पेरणी. पहाटेपासून खाडीभर नावाच नावा. दिवसभर धाग्यांचे तुकडे तपासले, एका नजरेत किती बी दिसतं ते मोजून सांगायचं. झडप उघडी. सगळं आधी फिकट वाटतं, मग डोळा सरावतो आणि पूर्वी न दिसलेलं दिसायला लागतं. दोनदा मी "झकास" म्हणाले, दोन्ही वेळा आकडा लावून.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिली कापणी. ओत्सुबोसाननी ताज्या नोरीत गुंडाळलेले चार भाताचे गोळे आणले. दोन मला, एक फुचिगामीसानना. चौथा कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाले, "तोही तुम्हालाच. आईने सांगितलंय, खात जा."

९ डिसेंबर, मंगळवार

लाल कूज आली.

ओत्सुबोसान धावतच आले, हातात दोन डबे. एकात सतराचं दोराला चिकटून उरलेलं पान, एकात जुनं. मी सतराची काच लावली. झडप उघडी. कुजेचा धागा एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दोऱ्यात मणी ओवावेत तसा सरळ गेलेला. कुठे अडला नव्हता, थबकलासुद्धा नव्हता.

"सतराची दोन्ही जाळी परवा रात्रीतून गेली," ते म्हणाले. "सकाळी नुसते दोर. ती गेली म्हणून आईने बाकीच्यांचे धागे तपासले, तीन ठिकाणी सुरुवात सापडली. लगेच सगळी उचलून वाळवली."

"आणि?"

"दोनशे अडतीस उभी आहेत."

मला रडू आलं. चांगलं हमसून. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस परवा रात्रीतून गेली असती, माझ्या शब्दावर! ओत्सुबोसान घाबरले, रुमाल शोधायला लागले, सापडला नाही म्हणून टोपी पुढे केली. मी टोपीला डोळे पुसले. मिठाचा वास होता तिला.

"नाव?" मी विचारलं.

"नाव कुठे जाते आता," ते म्हणाले. "मावसभावाला कळवलं, खोकी तूच उचल."

१२ डिसेंबर, शुक्रवार

ओत्सुबोसान एक धागा घेऊन आले. निरोगी, ठणठणीत धागा. तपासण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. तेव्हा मला एकदम आठवलं.

"अहो, तुमच्या घरी आमच्यापेक्षा चांगलं यंत्र आहे की! मग इथवर कशाला येता?"

ते कानापर्यंत लाल झाले. छताकडे बघितलं, धाग्याकडे बघितलं. "ते... जरा बिघडलंय."

"अरेच्चा! मग सांगायचं नाही का? रविवारी येते आणि बघते. झडपच असेल."

फुचिगामीसान कोपऱ्यात काचा धूत होते. त्यांना असा काही ठसका लागला की बाहेर जावं लागलं. परत आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "रविवारी जाताना तो निळा कोट घाला. आणि एगाशिरासान, झडप पूर्ण उघडी ठेवून बघा."

यंत्र दुरुस्तीला निळा कोट कशाला? निवृत्ती जवळ आली की माणूस काहीही बोलतो.

१४ डिसेंबर, रविवार

ओत्सुबोंचं यंत्र तपासलं. ठणठणीत आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा तपासायला जाणार आहे.